भाऊजींचे तेरा पाय

आमच्या भाऊजींच्या गराजमध्ये चार डबे आहेत. कॉफीचेच, पण कॉफी संपून वीसेक वर्षं झालेले. पहिल्यावर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिलंय ‘चालू’. दुसऱ्यावर ‘बहुतेक चालू’, तिसऱ्यावर ‘चालू होईल’ आणि चौथ्यावर नुसतंच ‘बघू’. पहिला डबा परवापरवापर्यंत रिकामा होता. चौथ्याची आधी बादली झाली, मग पिंप झालं, आणि आता गराजची अख्खी डावी भिंत म्हणजे ‘बघू’ असं समजायचं.

हे गराज न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आहे. गराज दोन गाड्यांचं, आणि दोन्ही गाड्या बाहेर बर्फात. गाव नावाप्रमाणे त्याच एडिसनचं. १८७७ साली ज्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत फोनोग्राफ पहिल्यांदा बोलला, ती याच गावाच्या हद्दीतली. १९५४ मध्ये गावानं आपलं जुनं नाव टाकून त्याचं नाव लावलं. घर घेताना शाळा, स्टेशन, इंडियन किराणा हे सगळं ताईनं पाहिलं होतं. भाऊजींनी फक्त पत्ता पाहिला. तेव्हापासून कुठल्याही पसाऱ्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, “एडिसनच्या टेबलावर काय रांगोळी काढलेली असायची?” त्यावर ताईचंही ठरलेलं, “त्याच्या बायकोला कुणी विचारलं होतं का?”

‘फेकायचं नाही’ हा या जातीच्या माणसांचा मूलमंत्र. तुटक्या छत्रीच्या काड्यांना ती ‘स्प्रिंग स्टील’ म्हणतात. बंद पडलेल्या फॅक्सकडे आपण अडगळ म्हणून बघतो तेव्हा यांना आतल्या मोटरी दिसत असतात. पुण्यात ही मंडळी बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात उकिडवी बसलेली सापडतात. मुंबईत त्यांची पंढरी लॅमिंग्टन रोड. भाऊजी व्हीजेटीआयचे, तेव्हा त्यांचं अर्धं शिक्षण लॅमिंग्टन रोडवरच झालं. १९७९ साली अमेरिकेत आले, एकतीस वर्षं एका टेलिफोन कंपनीत एक्स्चेंजची यंत्रं सांभाळली, आणि मग एक दिवस ती यंत्रं आणि ती सांभाळणारी माणसं एकदमच जुनी ठरली. निरोपाला कंपनीनं एक घड्याळ दिलं. ते त्यांनी त्याच संध्याकाळी उघडलं.

माझ्यावर मात्र त्यांचा एक जुना राग आहे, तो आधी सांगून टाकतो. सांगलीच्या आमच्या वाड्यात आजोबांची पायपेटी होती. संगीत नाटकवाले जिला ऑर्गन म्हणायचे तीच, बालगंधर्वांच्या काळात ज्या सुरांवर पदं रंगायची तीच. खाली दोन फळ्या, त्या आळीपाळीनं पायानं दाबायच्या, भाता फुगायचा आणि वर सूर बोलायचे. ताई बारा वर्षांची, मी पाच. तिला वरच्या पट्ट्या वाजवायच्या असायच्या आणि पाय मारायचा कंटाळा. मग मी पेटीखाली शिरून दोन्ही हातांनी फळ्या दाबत बसायचो. ताईच्या गाण्याला माझ्या हातांचा वारा. १९८४ साली वाडा सोडताना ती पेटी कुणालाच नको होती, म्हणून मी भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालून दिली. भाऊजी तेव्हा तिकडे अमेरिकेत. त्यांना पत्रानं कळलं. आता इतकी वर्षं झाली, तरी विमानतळावर मला न्यायला आले की गाडीत पाच मिनिटांच्या आत वाक्य येतंच, “रीड्स पितळेच्या होत्या रे.”

तर दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी तिकडे असताना भाऊजींनी फोनवर एक जाहिरात दाखवली. फोटोत एक लाकडी ऑर्गन, आणि खाली दोनच गोष्टी लिहिलेल्या : फुकट आहे, स्वतः येऊन न्या.

पन्नाससाठच्या दशकांत, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत विजेवरचे ऑर्गन हौसेनं घेतले गेले. आपल्याकडे शोकेस असायची तशी तिकडे ही वस्तू. आईबाप गेले, मुलं दूर गेली, आणि ही धुडं तिथंच राहिली. विकायला जावं तर कुणी घेत नाही, टाकायला जावं तर टाकण्याचेच पैसे पडतात. म्हणून लोक फुकट देतात आणि वर आभार मानतात. ताईचं मत असं की फुकट वस्तूइतकी महाग वस्तू जगात दुसरी नाही.

आम्ही गेलो. ऑर्गनच्या मालकीण बाई ऐंशीच्या पुढच्या असाव्यात, लहान घरात राहायला चालल्या होत्या. मी मनात एक हळवा प्रसंग रचून ठेवला होता. बाई ऑर्गनवरून हात फिरवतील, डोळे पुसतील वगैरे. बाई म्हणाल्या, चारच्या आत उचला, चारला गालिचेवाला यायचाय. मग दारात त्यांनी भाऊजींना विचारलं, “तुम्ही वाजवता का?”

“नाही,” भाऊजी म्हणाले, “मी उघडतो.”

तो ऑर्गन आम्ही दोघांनी, गालिचेवाल्यानं आणि माझ्या कमरेनं मिळून गाडीत चढवला. त्यापैकी माझी कमर अजून पूर्ववत झालेली नाही.

भाऊजींना त्या ऑर्गनमधलं काय हवं होतं, हे कळायला चाळीस वर्षं मागं जावं लागतं. १९८१ साली ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं त्यांना ‘रश’ नावाच्या कॅनेडियन बँडच्या कार्यक्रमाला ओढून नेलं होतं. स्टेजवर माणसं तीन. भाऊजींनी मोजली. आवाज चार-पाच जणांचे. तेही मोजले. बाकीचे हजारो लोक उड्या मारत होते तेव्हा आमचे भाऊजी खुर्चीवर उभे राहून गायकाच्या पायांकडे बघत होते. गेडी ली नावाचा तो गडी हातानं एक वाजवत होता, तोंडानं गात होता आणि डाव्या पायानं जमिनीवरच्या एका पाटावर तिसरंच काही वाजवत होता. ते ‘मूग टॉरस’. १९७५ मध्ये बाजारात आलेलं, तेरा पेडलांचं, खोल आवाजाचं यंत्र. त्या रात्रीचं एकही गाणं भाऊजींना आठवत नाही. पाय आठवतात. आणि तो पाट जुना झाला तसा त्याचा भाव वाढतच गेला, म्हणजे विकत घेण्याचा प्रश्न नाही. (विकत घेण्याचा प्रश्न तसा कधीच नसतो. दुकानात मिळणारी वस्तू ही या जातीच्या माणसाला फसवणूक वाटते.)

फुकटच्या ऑर्गनखालीही तेराच पेडलं होती. आपल्या पेटीच्या पट्ट्या पावलाच्या मापाच्या करून जमिनीवर मांडल्या तर जे होईल ते. आठ लांब, पाच आखूड, पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत. चर्चच्या मोठ्या ऑर्गनला अमेरिकेत बत्तीस पेडलं असतात. घरगुती मंडळींचं तेरांत भागायचं. मी उत्साहानं म्हणालो, “म्हणजे पायपेटीच की!” भाऊजींनी माझ्याकडे, सुशिक्षित माणसानं गाढवाकडे बघावं तसं पाहिलं. “पायपेटीत पाय वारा घालतो. इथं पाय सूर लावतो. फरक आहे.” मग थोडं थांबून, “ती ठेवली असतीस तर दाखवला असता.”

वाटेत त्यांनी मला हॅमंडची गोष्ट सांगितली. लॉरेन्स हॅमंड हा मूळचा घड्याळांचा माणूस. विजेच्या ठेक्यावर अचूक फिरणारी मोटर त्यानं घड्याळासाठी केली आणि तिच्याच जोरावर १९३५ साली ऑर्गन बाजारात आणला. आत एक्क्याण्णव दातेरी चाकं गरागरा फिरतात, प्रत्येक चाक चुंबकासमोर आपला आपला सूर काढतं. “आणि महत्त्वाचं म्हणजे,” स्टिअरिंगवरचा हात सोडून भाऊजी म्हणाले, “त्याला स्वतःला वाजवता येत नव्हतं!” हे त्यांनी अशा आनंदानं सांगितलं, की जणू स्वतःच्याच पदवीचं प्रमाणपत्र दाखवताहेत. हॅमंडच्या चाकांच्या ऑर्गनला हात लावायचा नाही, ते पाप आहे, असाही त्यांचा नियम आहे. आपला फुकटचा ऑर्गन सत्तरच्या दशकातला, ट्रान्झिस्टरवाला आणि पूर्ण मेलेला होता. त्याला चालतं.

घरी आल्यावर चार बोल्ट काढले आणि तेरा पेडलांचा सांगाडा बाहेर आला. उरलेला ऑर्गन ‘बघू’त गेला. पेडलांच्या खाली पन्नास वर्षांचं घर सापडलं : एक-एक सेंटची नाणी, केसांची पिन, बदामाची दुर्री, वाळलेला वाटाणा, आणि कसरीनं खाल्लेल्या फेल्टचा भुसा. भाऊजींनी नाणी ‘चालू’ डब्यात टाकली. त्या डब्याचं उद्घाटन असं झालं.

पुढचे पंधरा दिवस मी या माणसाला जितकं सुखी पाहिलं तितकं त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्या लग्नात ते साउंडवाल्याच्या टेबलामागेच होते, ही गोष्ट वेगळी.

काम असं. पेडल दाबलं गेलं हे विजेला कळलं पाहिजे. जुनी संपर्काची पाती गंजली होती, ती काढली. त्या जागी आल्या काचेच्या इवल्याशा नळ्या. आत लोखंडी दोन पात्या, मध्ये केसभर अंतर. जवळ चुंबक आला की पात्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात आणि तो १९३६ मध्ये बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत निघाला. भाऊजींनी आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये असे हजारोंनी हाताळले होते. नळी चिमटीत उजेडाकडे धरून ते म्हणाले, “आत हवा नाही, धूळ नाही, गंज नाही. माणसापेक्षा जास्त टिकतो.” प्रत्येक पेडलाच्या पोटाला एक चुंबक, खालच्या चौकटीला एक नळी. तेरा नळ्यांच्या तेरा तारा आणि सगळ्यांची मिळून एक सामाईक. त्या तारा पोस्टाच्या तिकिटाहून थोड्या मोठ्या अशा आर्डुइनोच्या, म्हणजे एका चिमुकल्या संगणकाच्या, पाटीत गेल्या. चुंबक चिकटवायला मी ताईच्या स्वयंपाकघरातलं एम-सील सुचवलं. ते दर खेपेला मीच पुण्याहून नेतो. भाऊजी हसले. “गळक्या नळाला ठीक आहे. हे इन्स्ट्रुमेंट आहे.” त्यांनी बंदुकीतून गरम गोंद लावला. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलंय.

पहिल्या दिवशी एक पेडल दाबलं आणि ‘धुम्म’ऐवजी ‘धुधुधुधुम्म’ आलं. कुठलाही स्विच दाबल्यावर त्याची पाती एका दमात चिकटत नाही, क्षणभर थरथरते. आपल्याला ते कळत नाही, पण आर्डुइनो सेकंदाला हजारो वेळा डोकावून बघतो. गर्दीची लोकल पकडणारा माणूस एक पाय आत, एक बाहेर, पुन्हा आत असा चढतो. आपण म्हणतो, चढला. आर्डुइनो म्हणतो, चार वेळा चढला. मग त्याला शिकवायचं की एकदा चढलेला दिसला की काही मिलिसेकंद तिकडे बघायचंच नाही. याला ‘डिबाउन्स’ म्हणतात. तो शब्द पुढचे तीन दिवस घरात मीठ-मोहरीसारखा वापरला गेला. प्रोग्रॅम भाऊजींनी आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिला, कारण तसाच लिहायचा असतो.

नाश्त्याला मिडीचा वर्ग. कुठल्याही एका वाद्यानं दुसऱ्या वाद्याशी बोलायची भाषा म्हणजे मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलनं जोडले. ‘प्रॉफेट-६००’ अमेरिकेचा, ‘जुपिटर-६’ जपानचा. आणि एकाची पट्टी दाबली की दुसराही वाजला. यात आवाज जात नाही बरं का, नुसता निरोप जातो. तीन आकडे : १४४, ३६, १००. म्हणजे ‘लाव सूर, खालचा सा, एवढ्या जोरात’. बंद करायचा तर १२८ चा निरोप वेगळा. तिन्ही आकडे मिळून एक मिलिसेकंदही लागत नाही. केबलच्या टोकाला पाच पिना, त्यातल्या तीनच काम करतात, दोन नुसत्या बसून असतात. कमिटी म्हटली की हे प्रमाण कुठंही तेच, असं माझं मत.

“चाळीस वर्षं!” भाऊजी पोह्यांचा चमचा उगारून म्हणाले. “तेच निरोप, तोच वेग, तीच पिन. इतकी वर्षं काही न बदलता टिकलेली दुसरी एक गोष्ट सांग.”

“मी,” ताई म्हणाली आणि चहाची भांडी उचलून गेली.

त्याच संध्याकाळी बशी फुटली. झालं असं की भाऊजींना चोवीस नंबरचा सूर ऐकायचा होता. हा सगळ्यात खालचा सा, सेकंदाला जेमतेम तेहेतीस कंपनं. लॅपटॉपच्या स्पीकरमधून तो येईना. येणारच नाही, इतका खालचा सूर त्या चिमुकल्या पडद्याला पेलत नाही. पण भाऊजी आवाज वाढवत गेले. शेवटपर्यंत वाढवला. मग मुलाचा जुना सबवूफर ‘चालू होईल’मधून काढला, जोडला, आणि वाढवलेला आवाज कमी करायचा राहिला. पेडल दाबताच मला कानाला काही ऐकू आलंच नाही, पोटाला आलं. खिडक्या बोलल्या. शेजाऱ्यांचा कुत्रा बोलला. ताईच्या लग्नातला डिनर सेट काचेच्या कपाटात शिस्तीनं दोन पावलं पुढं चालत आला, आणि त्यातल्या एका बशीनं तिसरं पाऊल टाकलं.

यानंतर तीन दिवस त्या घरात जे चाललं त्याला मिडीच्या भाषेत नेमका शब्द आहे : ऑप्टो-आयसोलेशन. निरोप घेणाऱ्या यंत्रात एक सोय असते. इकडच्या तारेतली वीज तिकडे जाऊ द्यायची नाही. इकडे एक दिवा लुकलुकतो, तिकडे एक डोळा तो बघतो आणि निरोप पोचतो. दोघांत बोलणं आहे, विजेचा संबंध नाही. “त्यांना सांग, जेवण वाढलंय.” “तिला सांग, दोन मिनिटांत आलो.” मधला दिवा मी.

अबोला संपला तो मंडळाच्या गणेशोत्सवामुळं. एका शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं, कार्यक्रमात भक्तिगीतं, आणि त्यात सॉफ्टवेअरमधले एक गृहस्थ भूपातला अभंग गाणार होते. कामापुरती पेटी मला येते, म्हणून मी साथीला. इथं भाऊजींना सुचलं, आणि सुचलं ते खरंच चांगलं होतं, हे मला मान्य केलं पाहिजे. पाश्चात्त्य संगीतात खाली एकच सूर धरून ठेवतात आणि वर बाकीचं संगीत फिरत राहतं, त्याला ‘पेडल पॉइंट’ म्हणतात. नाव पडलं तेच मुळी ऑर्गनच्या पायपट्टीवरून. पायानं एक सूर धरून ठेवणं सोपं, म्हणून. “म्हणजे आपल्या तंबोऱ्याचा खर्ज,” मी म्हणालो. भाऊजींनी पहिल्यांदाच माझ्या बोलण्याला मान डोलावली. ठरलं. हात कीबोर्डवर, पाय पेडलावर. गायकांची पट्टी काळी एक, म्हणजे आखूड पेडलांतलं पहिलंच. डावा पाय त्यावर ठेवायचा आणि अभंग संपेपर्यंत विसरून जायचं. घरी तालीम केली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. गाण्याखाली कुणी तरी जमीन घातली असं वाटलं. स्वयंपाकघरातून ताईही दोन मिनिटं दारात येऊन उभी राहिली, हात पुसत.

कार्यक्रमाच्या दिवशी पेडलांचा पाट गाडीच्या डिकीत दुपारभर उन्हात होता. सप्टेंबरचं ऊन, बंद डिकी, आणि गरम गोंद. गरम केल्यावर गोंद पातळ होतो, हे त्या बंदुकीवरच लिहिलेलं असतं.

पहिला अंतरा उत्तम गेला. दुसऱ्या अंतऱ्याला काळी एकच्या शेजारच्या लांब पेडलाचा चुंबक आपली जागा सोडून घसरला आणि नळीला जाऊन भिडला. झालं, माझा पाय नसताना पांढरी दोन वाजू लागली. काळी एकच्या भूपात पांढरी दोन म्हणजे कोमल रिषभ. भूपात त्याला जागा नाही, आणि इथं तो सभागृहाच्या दोन भल्यामोठ्या स्पीकरांतून येत होता. शिवाय इतक्या खाली दोन सूर शेजारी वाजले की ते एकमेकांना धक्के देतात. इथं सेकंदाला चार धक्के. अभंगात हेलिकॉप्टर उतरलं. गायकांनी डोळे मिटलेले होते ते घट्ट मिटले. मी घाबरून पाय उचलला, तर खर्जाचा सा गेला आणि कोमल रिषभ एकटाच राहिला, म्हणजे आता निदान शुद्ध अपराध.

मी खाली वाकून केबल उपटली. तरी वाजतोय! आणि वाजणारच, कारण आवाज केबलमधून जातच नव्हता. ‘लाव’ हा निरोप पोचला होता. ‘थांब’ हा निरोप आता पोचण्याची वाटच मी उपटून टाकली होती. सिंथेसायझर बिचारा आज्ञाधारक, कुणी थांब म्हणेपर्यंत वाजवणार. अशा वेळेसाठी सगळे सूर एकदम बंद करणारं एक बटण ठेवतात, त्याला ‘पॅनिक’ असंच नाव आहे. ते आमच्याकडे होतं. ‘बघू’मध्ये.

एव्हाना भाऊजी बॅटरी घेऊन स्टेजवर पालथे पडले होते आणि माझ्या दोन पायांमधून त्यांचा शांत आवाज येत होता, “थांब, हात लावू नकोस. आधी कारण कळू दे.” ही त्या माणसाची खरी ओळख. घर जळत असलं तर आमचे भाऊजी आधी शॉर्ट सर्किट शोधतील. सूर बंद करणं हा त्यांच्या दृष्टीनं पुराव्याशी खेळ होता.

तिसऱ्या रांगेतून ताई उठली. साडी सावरत पायऱ्या चढली, कोणाकडेही न बघता भिंतीपाशी गेली आणि जिथं सगळ्या वायरी येऊन मिळत होत्या ती पट्टीच प्लगसकट ओढून काढली. कोमल रिषभ गेला. माइकही गेले, कीबोर्डही गेला आणि गणपतीवरची दिव्यांची माळही. त्या शांततेत गायकांचा उघडा आवाज तेवढा राहिला, मग तबला आला, मग लोकांच्या टाळ्यांचा ठेका. अभंग तसाच पुरा झाला आणि, भाऊजींनी ऐकू नये म्हणून हळू सांगतो, चांगला झाला. प्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला विचारलं, “मधलं ते फ्यूजन होतं का?” मी हो म्हणालो.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. एडिसनचा फलक मागं गेल्यावर भाऊजी एकच वाक्य म्हणाले, “एम-सील कुठल्या कपाटात असतं?”

तेराही चुंबक एम-सीलनं बसले. ते बसल्यावर भाऊजींचा पेडलांतला रस तत्काळ संपला. या जातीच्या माणसांचं हे असंच असतं. वस्तू चालू झाली की त्यांच्या लेखी वारली. पाट दिवाणखान्यात, त्यावर कीबोर्डचा स्टँड, खाली सबवूफर (आवाजाच्या बटणावर ताईनं कुंकवाची खूण केलेली, त्यापुढं न्यायचं नाही), आणि भाऊजी परत गराजमध्ये. आता त्यांना त्या मेलेल्या ऑर्गनच्या लाकडाचं कपाट करायचं होतं. बशा पुढं चालणार नाहीत असं.

माझ्या निघण्याच्या आदल्या दुपारी मी बॅग भरत होतो. दिवाणखान्यातून खालचा सा आला. मग पंचम. मग सा, मग पंचम. एका लयीत, न थांबता. जाऊन पाहिलं तर ताई हातात फडकं घेऊन स्टुलावर बसली होती. पुसायला म्हणून बसली असणार. फडकं कीबोर्डच्या कडेला, आणि पाय आपले आपण आळीपाळीनं खाली-वर. डावा, उजवा. डावा, उजवा. पाय हलतायत हे तिच्याही बहुतेक ध्यानात नव्हतं. पायपेटीवर बसलेल्या माणसाला वारा घातल्याशिवाय पट्टीला हात लावताच येत नाही. पन्नास वर्षं मध्ये गेली तरी.

गराजमधून भाऊजींचा आवाज आला, “कोण आहे? दोन्ही सुटतायत ना बरोबर?”

ताईनं उत्तर दिलं नाही. फडकं मांडीवर ठेवलं आणि उजव्या हातानं एक ओळ वाजवून पाहिली, ती मधेच अडखळली. पुन्हा पाहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “पाय मधे मधे येतायत रे. तू खाली बसतोस का?”

मी एकसष्ट वर्षांचा, कमरेचं सांगितलंच आहे. स्टँडखाली शिरायला मला बराच वेळ लागला. बसलो, आणि दोन पेडलांवर दोन हात ठेवले. वर ताईनं पहिल्यापासून सुरू केलं.

“हातानं दाबू नकोस!” गराजमधून भाऊजी ओरडले. तिथं बसून त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. “ती पायाची पेडलं आहेत!”

आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.